टपावरचा टेंट राहू द्या, आधी खाली घोंगडी अंथरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कार कॅम्पिंगवर पानभर छापलंत ते आमच्या घरात सगळ्यांनी वाचलं, मुलाने तर कापून फ्रिजवर चिकटवलं. फोटो छान होते, खोटं कशाला बोलू. पण खाली जी सामानाची चौकट दिली होती ती बघून मला हसावं की रडावं कळेना. गाडीच्या टपावर उघडणारा टेंट, गाडीत चालणारा फ्रिज, घडीचं किचन, साखळीतले दिवे. आमची २०११ सालची वॅगनआर आहे, ती आज विकली तरी त्यातलं निम्मं सामान येणार नाही. आणि गंमत म्हणजे ज्या वस्तूंवाचून आमची पहिली रात्र वाईट गेली त्यातली एकही त्या चौकटीत नाही, कारण त्या फोटोत दिसत नाहीत ना. म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, कात्री लावायची तर लावा पण गॅसचं आणि बॅटरीचं तेवढं ठेवा.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही चौघं भंडारदऱ्याला गेलो होतो, मी, आमचे हे, मुलगी आणि मुलगा. नाशिकहून घोटीमार्गे ७०-७५ किमी, म्हणजे फार लांब नाही, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने असंच जवळचं ठिकाण घ्यावं असं माझं मत आहे, काही बिनसलं तर रात्री दहाला पण घरी येता येतं. धरणाच्या काठाला गावातल्या लोकांच्या खाजगी जागा आहेत, माणशी पैसे घेतात, टॉयलेट असतं, जेवण सांगितलं तर पिठलं-भाकरी मिळते. कुठेही गाडी लावून टेंट ठोकता येत नाही हे आधीच सांगते, तो सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, वनखात्याचे नियम आहेत, काजव्यांच्या दिवसात तर रात्री आत सोडण्यावर बंधनं असतात. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. भंडारदऱ्याचं विल्सन धरणही १९२६ सालीच पूर्ण झालं त्यामुळे आमच्याकडे तो नंबर कुणी विसरत नाही.

निघताना सासूबाई म्हणाल्या, अगं घोंगडी ने, थंडी खालून लागते. आम्ही दोघंही हसलो. कारण आम्ही हवेची गादी घेतली होती, गाडीच्या सॉकेटवर पंप लावून फुगवायची, चांगली वीतभर जाड. घोंगडी राहिली दिवाणात.

रात्री दोनला मला जाग आली ती पाठ गोठल्यामुळे. अंगावर दोन रजया आणि एक ब्लँकेट होतं, वरून काही थंडी नव्हती, पण पाठीखाली असं वाटत होतं की ओल्या फरशीवर झोपलेय. मुलगी कुशीवर वळून मुटकुळं करून पडली होती, मुलगा माझ्या पोटात शिरला होता. नंतर कळलं की हवेच्या गादीत नुसती मोकळी हवा असते, ती जमिनीला लागून गार होते आणि आतल्या आत फिरत तुमच्या अंगातली ऊब खाली पोचवत राहते, आणि अंगाखाली घेतलेली रजई तुमच्याच वजनाने चेपून पापड झालेली असते, तिच्यात ऊब धरायला काही उरत नाही. लोकरीची घोंगडी दाबली तरी थोडी फुगलेली राहते. धनगर माळावर कशावर झोपतात ते बघितलं असतं तर गादीचे पैसे वाचले असते. आता आम्ही खाली एक ताडपत्री, त्यावर मुलांचे ते कोड्यासारखे जोडायचे फोमचे तुकडे असतात ना ते, त्यावर घोंगडी आणि मग नेहमीची पातळ गादी असं करतो. चार जणांना पुरतं, आणि ताडपत्री सोडून यातलं काही विकत आणलेलं नाही. ताडपत्री टेंटच्या मापाबाहेर येऊ द्यायची नाही एवढं बघा, बाहेर राहिलेल्या कडेवर दव पडतं आणि ते ओघळून बरोबर टेंटखाली येतं.

त्या रात्रीचा खरा घोळ पुढे झाला. तीनच्या सुमाराला आमचे हे उठले, म्हणाले मी गाडीत बसतो जरा, आणि इंजिन चालू करून हीटर लावून काचा बंद करून सीट मागे टाकून पडले. मला झोप लागत नव्हती म्हणून बरं, इंजिनचा आवाज थांबेना तशी मी उठले आणि जाऊन दार उघडलं. आमचं भांडण झालं, दहा मिनिटांनी काही होत नाही म्हणे. दर थंडीत तुमच्याच पेपरात बातमी असते, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपले, बंद गाडीत एसी लावून झोपले, सकाळी उठलेच नाहीत. तो कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही रंग नाही, डोकं जड होतं आणि माणसाला वाटतं की झोप येतेय. जुन्या गाडीच्या सायलेन्सरला कुठे बारीक भोक आहे हे कुणाला माहिती असतं? गाडीत झोपायचं तर इंजिन बंद, समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं खाली आणि त्यावर आतून मच्छरदाणीचं कापड, बस. आणि टेंटमध्ये गॅस, शेगडी, निखाऱ्याचं घमेलं काहीही न्यायचं नाही, पाऊस असो नाहीतर थंडी. पानभर लेखात याला एक ओळ मिळायला नको होती का?

गाडी उभी करण्याबद्दल पण कुणी सांगत नाही. दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळून कडकडीत होतं आणि लांबून आलेल्या गाडीखालचा सायलेन्सर एवढा तापलेला असतो की उंच वाळक्या गवतात गाडी घातली तर ते पेटू शकतं. मोकळ्या मातीवर किंवा मुरमावर लावा. आणि तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा, हे आम्ही कसं शिकलो ते सांगते.

सकाळी सातला गाडी चालूच होईना. चावी फिरवली की नुसतं टक टक टक. रात्री डिकीचा दिवा चालू राहिला होता, कारण डिकी उघडी ठेवून त्यावर चादर लटकवून आम्ही कपडे बदलायची खोली केली होती, त्यात दोन मोबाइल चार्जिंगला, त्यात जेवताना दीड तास गाणी. धक्का मारून चालू करू म्हटलं तर गाडीचं नाक बांधाला टेकलेलं, पुढे जागा नाही आणि मागे चढ. शेवटी शेजारच्या शेंडी गावाकडून एक भाऊ पिकअप घेऊन आले, त्यांच्याकडे जंपर केबल होती. त्यांनी लाल चिमटा आधी आमच्या बॅटरीच्या प्लसला लावला, लालचं दुसरं टोक त्यांच्या प्लसला, मग काळा त्यांच्या मायनसला, आणि काळ्याचं शेवटचं टोक आमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. का असं विचारलं तर म्हणाले ताई, ठिणगी उडते, ती बॅटरीच्या तोंडाशी नको. तो क्रम मी तिथेच किराणाच्या यादीमागे लिहून घेतला, ती यादी अजून डॅशबोर्डात आहे. पिकअप थोडा वेळ चालू ठेवून मग आमची स्टार्ट केली, आणि काढताना सगळं उलट्या क्रमाने. गाडी लगेच बंद करू नका, अर्धा-पाऊण तास फिरवून आणा म्हणाले, म्हणून आम्ही आंघोळी न करता रंधा धबधबा बघून आलो. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोन कप घेतला. तर केबल घ्याच, ती काही महाग नाही, आणि मोबाइलसाठी पॉवर बँक वेगळी, गाडीच्या बॅटरीला हात लावायचा नाही. ज्यांच्या गाड्या ऑटोमॅटिक आहेत त्यांनी तर केबलशिवाय घर सोडू नये, त्यांची गाडी धक्क्याने चालू होतच नाही.

स्टेपनीची हवा बघायची आणि जॅक-पाना डिकीत सगळ्यात तळाला गाडायचा नाही हेही यातच. भरलेल्या गाडीला टायरमध्ये हवा किती ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं त्यावर लिहिलेलं असतं, मी बारा वर्षं ते दार उघडत होते, कधी वाचलं नव्हतं.

आता टेंट. चौघांचा टेंट म्हणजे मुंबईच्या लोकलमधली चौथी सीट, बसता येतं पण अर्धे बाहेर. दुकानदार चार म्हणाला तर दोन मोठी आणि एक लहान असं धरा, सामान गाडीतच राहू द्या. आम्ही आता दोघं टेंटमध्ये आणि मुलं गाडीत असं करतो, मागची सीट पाडली की वॅगनआरमध्ये दोन मुलं आडवी मावतात, मध्ये जी पायरी राहते तिथे कपड्यांच्या पिशव्या कोंबायच्या. पहिल्या सकाळी टेंटच्या छतावरून टपटप पाणी पडत होतं, मुलगा ओरडला पाऊस आला, बाहेर बघितलं तर आकाश निरभ्र. आम्ही टेंट फुटका निघाला म्हणून दुकानात परत द्यायला निघालो होतो. मग कळलं की ते आमच्याच श्वासाचं पाणी होतं, चौघांनी रात्रभर सोडलेली वाफ गार कापडाला लागून थेंब झाले, कारण थंडी म्हणून आम्ही वरची जाळीची खिडकी बंद केली होती आणि वरचं कापड नीट ताणलं नव्हतं, ते आतल्या कापडाला चिकटलं होतं. खिडकी उघडी ठेवली आणि दोऱ्या ताणून खुंट्या ठोकल्या की निम्मं काम होतं. खुंट्या टेंटबरोबर येतात त्या तारेसारख्या असतात, भंडारदऱ्याच्या मुरमात वाकल्या. हार्डवेअरमधून चार जाड खिळे आणा आणि एक हातोडी.

पण सगळ्यात आधी टेंट घरी लावून बघा, गच्चीवर नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि एक रात्र त्यात झोपा. शेजारी हसतील, हसू देत. आम्ही हे केलं नाही, आम्ही पोचलो संध्याकाळी सातला, डिसेंबरात सहालाच अंधार पडायला लागतो, आणि मोबाइलच्या उजेडात टेंटच्या पिशवीतला कागद वाचत बसलो. हे तोंडात टॉर्च धरून काड्या जोडत होते आणि मला काही सांगायला तोंड उघडलं की टॉर्च पडायचा. डोक्याला लावायचा टॉर्च मिळतो चार-पाचशेला, माणशी एक. त्या चौकटीतल्या साखळीच्या दिव्यांपेक्षा हे घ्या, कांदा चिरायला दोन्ही हात मोकळे राहतात. आणि चारच्या आत पोचा.

गॅसबद्दल थोडं जास्त लिहिते. सपाट पेटीसारखा जो एका बर्नरचा स्टोव्ह मिळतो, ज्याच्या बाजूला स्प्रेच्या डब्यासारखी नळकांडी बसते, तो नवख्यांना ठीक आहे. २३० ग्रॅमची एक नळकांडी मोठ्या आचेवर दीड तासाच्या आसपास चालते, एका रात्रीला दोन पुरतात. पण त्यावर घरचा मोठा तवा किंवा कढई ठेवायची नाही, ती नळकांडीच्या कप्प्यावर येते, खालून परतलेली उष्णता डब्याला लागते आणि डबा तापून फुटू शकतो. दोन स्टोव्ह चिकटवून ठेवायचे नाहीत, वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा चारी बाजूंनी घालायचा नाही. आणि उरलेली नळकांडी मे महिन्यात बंद गाडीत विसरायची नाही. कुणाकडे २ किंवा ५ किलोचा छोटा सिलेंडर असेल तर तोही चालतो, गाडीत उभा बांधून न्या आणि रेग्युलेटर काढून.

स्वयंपाकाचा फार उत्साह दाखवू नका. पहिल्या वेळी मी पनीर मॅरिनेट करून नेलं होतं, भाज्या कापून, सॅलड, काय काय, आणि मीठ विसरले. आणि काडेपेटी, कारण घरी लायटर असतो. आता एका पिशवीत तांदूळ, मुगाची डाळ, हळद, मीठ, मसाला सगळं मोजून घालून नेते, तीन लिटरचा कुकर, चार शिट्ट्या, वर तूप. सकाळी चहा आणि भाजणीचं थालीपीठ. चाकू, मीठ, काडेपेटी, चहागाळणं या चार गोष्टी एका डब्यात घालून तो डबा घरच्या वापराला काढायचाच नाही. चौघांना एका रात्रीला प्यायला-रांधायला वीस लिटर आणि हातपाय, भांडी यासाठी आणखी वीस असं पाणी धरा, नळाचा कॅन घ्या. चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो, एक माणूसच, तो टपावर ठेवू नका, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून खाली ठेवा. घाटात फरक कळतो.

आता जे पुरुषमंडळी लिहीतच नाहीत ते. टॉयलेट. तुमच्या लेखात फ्रिज कुठे ठेवायचा ते होतं, पण बाईने रात्री तीनला कुठे जायचं ते नव्हतं. दहावीतल्या मुलीला घेऊन जाणाऱ्या आईला टेंटच्या कंपनीशी काय देणंघेणं, तिला आधी हे कळायला हवं की संडास आहे का, त्याला कडी आहे का, दिवा आहे का. बुकिंग करताना मी हे तीन प्रश्न फोनवर विचारते, समोरचा अडखळला की दुसरीकडे फोन करते. जिथे काहीच सोय नाही तिथे पहिल्यांदा जाऊच नये, आणि अनुभव आल्यावर गेलात तर खुरपं बरोबर ठेवा, पाण्यापासून निदान सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा, आणि नीट बुजवायचा. सॅनिटरी पॅड आणि ओले टिश्यू पुरायचे नाहीत, गुंडाळून झाकणाच्या डब्यात घालून घरी आणायचे. गुंडाळायला तुमचाच पेपर वापरतो आम्ही, राग मानू नका.

विंचू-सापाचं भय घालायचं नाही, पण बूट टेंटबाहेर ठेवले असतील तर सकाळी उलटे करून झटकून घाला, आणि झोपताना टेंटची चेन पूर्ण लावा, मुलं अर्धी उघडी ठेवतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावली तर कित्येकदा दुखतही नाही, सकाळी पोटात दुखतंय, पापण्या मिटतायत असं करत प्रकार लक्षात येतो. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात माणसं जायची, त्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपचार शोधला, त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा मंत्र, आवळून बांधणं, चिरा देणं यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा नाहीतर गाडी आहेच की. जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते घरूनच बघून नकाशा डाउनलोड करून ठेवा, धरणाच्या काठाला रेंज लपाछपी खेळते.

माझं माहेर दापोलीकडचं, त्यामुळे समुद्राबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. वाळूत गाडी घालू नका. दर सुट्टीत कुणाची तरी गाडी रुतते, पोरं दोर लावून ओढतात आणि भरती चढत असते. आमचे वडील पंचांग बघून भरती सांगायचे, तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पंचमी असेल तर पावणेचारला पूर्ण भरती, आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी नेहमीच्या खुणेच्या वर येतं. टेंट सुरूच्या झाडांत लावला तरी आधी वाळलेल्या शेवाळाची आणि कचऱ्याची रेघ कुठवर आहे ते बघा, पाणी तिथवर आलेलं असतं.

पावसाळ्यात आणि मे अखेरीस काजवे बघायला म्हणून पहिल्यांदा कॅम्पिंगला निघणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की नका जाऊ. वळवाचा वारा नवख्याने लावलेला टेंट उचलून नेतो, आणि त्या अंधारात हेडलाइट लावून फिरणाऱ्या गाड्यांनी काजव्यांचं काय होतं ते वेगळंच, ते चमकतात ते जोडीदार शोधायला, आपल्याला दाखवायला नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा घरात असलेल्या वस्तूंत एक रात्र कशी काढायची ते छापा. कोणत्या ठिकाणी संडास, पाणी आणि कचऱ्याची सोय आहे ते तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरांना विचारून छापा. टपावरच्या टेंटचा फोटो टाकायचा तर टाका, मुलाला फ्रिजवर चिकटवायला होतो.

आपली नियमित वाचक,
सिडको, नाशिक

ता. क. या मोसमात आम्ही तीनदा जाऊन आलो. परवा निघताना सासूबाई म्हणाल्या मी पण येते, आणि घोंगडी स्वतःच गाडीत नेऊन ठेवली, पुढच्या सीटवर. आता वॅगनआरमध्ये पाच माणसं कशी झोपवायची यावर घरात दोन दिवस चर्चा चालू आहे, कुणाला माहिती असेल तर कळवा.